जग्वार मार्क २ ला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवावं का?

चाकधर
गाडी साठच्या दशकातली मार्क २, ३.८ लिटर, साधं (पॉवर नसलेलं) स्टिअरिंग. रस्त्याला लागली की काही तक्रार नाही. पण उभ्या जागी चाक वळवायचं म्हणजे घाम निघतो, त्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी जोर लावायला सक्त मनाई केलीय.

म्हणून इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा विचार चाललाय. डॅशबोर्डखालचा मूळ कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) काढायचा आणि त्या जागी टॉर्क सेन्सर (हाताचा जोर मोजणारा) व मोटर असलेला कॉलम बसवायचा. चाक, हॉर्न रिंग सगळं मूळचंच राहतं, बाहेरून पत्ता लागत नाही. ओळखीतले निम्मे म्हणतात डोळे झाकून बसव, निम्मे म्हणतात गाडी नासवशील. तुमचं काय म्हणणं? "गाडी विकून टाका" सोडून काहीही चालेल.

मूळपुरुष
स्पष्ट लिहितो, राग नसावा. बसवू नका. या गाडीत पुढचं चाक खडीवर गेलं की तळहाताला कळतं. ओल्या रस्त्यावर पकड सुटायला लागली की स्टिअरिंग आधी हलकं होतं. मध्ये मोटर आणि वर्म गिअर घातले की ही खबर अर्ध्या वाटेतच अडकते. शिवाय जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, ट्यूरिन सनदेत लिहूनच ठेवलंय की बदल गरजेचा असेल तरच करा, तोही नजरेत न भरणारा आणि उलटवता येणारा. हलकं स्टिअरिंग हवं असणाऱ्यांसाठी नव्या गाड्या ढिगाने आहेत.

तिसरा_गिअर
@मूळपुरुष, सनद तुमच्याच विरोधात जातेय की राव! नजरेत भरत नाही, कारण सगळं डॅशखाली आहे. उलटवता येतो, कारण मूळ कॉलम गुंडाळून जपून ठेवता येतो. काढलेले मूळ भाग गाडीसोबत सांभाळा, असंही तीच सनद सांगते. आणि गरजेचं म्हणाल तर ऑपरेशन झालेला खांदा ही गरज नाही तर काय?

दुसरं, तुमच्या गाडीला टायर कुठले आहेत? मार्क २ कंपनीतून ६.४०-१५ च्या क्रॉसप्लायवर, म्हणजे जुन्या बांधणीच्या टायरवर, बाहेर पडायची. आज बहुतेक सगळे आधुनिक रेडियल टायरवर चालवतात. तेव्हा कुणी सनद काढत नाही.

ग्रीसगन
भांडा सावकाश. आधी स्टिअरिंग जड का आहे ते तरी बघा.

जॅक लावून पुढची दोन्ही चाकं अधांतरी करा, खाली भक्कम स्टँड द्या. आता स्टिअरिंग बोटांनी लॉक टू लॉक, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, फिरलं पाहिजे. फिरलं, तर जडपणा टायरचा आहे. हवा, रुंदी, अलाइनमेंट तपासा. अधांतरीही अडखळलं, तर स्टिअरिंग बॉक्सपासून (कॉलमच्या खालचा गिअरचा डबा) सेंटर लिंक, म्हणजे चाकांकडे जाणारा मधला दांडा, सोडवून पुन्हा फिरवा. मोकळं झालं तर दोष बॉल जॉइंट नाहीतर आयडलरमध्ये (सेंटर लिंकचं दुसरं टोक धरणारा हात), नाही झालं तर बॉक्स किंवा कॉलममध्ये. बॉल जॉइंटच्या निपलला ग्रीसगन लावली की ताजं ग्रीस कडेने बाहेर यायला हवं. येत नसेल तर आतलं जुनं सुकून घट्ट बसलंय.

बॉक्सचा वेगळा घोळ असतो. स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला की पुष्कळ मिस्त्री ॲडजस्टरचा स्क्रू आवळून मोकळे होतात. बॉक्स झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं की दोन्ही बाजूंना दाते जाम बसतात आणि वळणातून चाक आपणहून परत येत नाही. अशा गाडीला मोटर लावली तर ती हे सगळं दुखणं झाकून ठेवते, आणि बॉक्स एक दिवस दगा देतो.

चाकधर
@ग्रीसगन, आज करून पाहिलं. अधांतरी अगदी मोकळं फिरतं. टायर मात्र आधीच्या मालकाने २०५ मिमी रुंदीचे घातलेत. १८५ टाकणारच आहे, पण तेवढ्याने खांद्याचं भागेल असं वाटत नाही.

मूळपुरुष
बघा, अर्धं कारण तिथेच निघालं. आणि मदत हवीच असेल तर मार्क २ ला त्या काळी कंपनीचंच हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग जादा पर्याय म्हणून मिळायचं. ते शोधा. काळाला धरून होईल. १९५१ च्या क्रायसलर इम्पीरियलपासून हायड्रॉलिक रस्त्यावर आहे, ही इलेक्ट्रिकची टूम कालपरवाची.

अँपिअर
"कालपरवाची" टूम १९८८ सालची आहे, सुझुकी सर्व्होवर आलेली. असो.

कंपनीच्या हायड्रॉलिकची गंमत अशी की त्याचा पंप डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) पाठीवर बसतो. म्हणजे तो हवा असेल तर डायनामोही त्याच जातीचा हवा. वर बॉक्स वेगळा, पाइप वेगळे, गळती आलीच. "काळाला धरून" असलं तरी एका कॉलमपेक्षा कितीतरी जास्त भाग बदलावे लागतात.

पण इलेक्ट्रिकवाल्यांनीही नाचू नये. उभ्या जागी चाक वळवताना मोटर क्षणभर ४०-५० अँपिअर ओढू शकते. त्या काळचा ल्युकस सी-४० डायनामो जेमतेम २२ अँपिअरचा, आणि आयडलिंगवर त्यातून जवळजवळ काहीच येत नाही. पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असेल, तर आणखी एक काम. मोटरची बॉडी कॉलमला, कॉलम गाडीला, म्हणजे गाडी आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्यावी लागेल. ते न करता बॅटरी जोडलीत तर कंट्रोलर (मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) गेलाच समजा.

तिसरा_गिअर
डायनामोचा एवढा बाऊ कशाला? पार्किंगमध्ये ओढ काही सेकंदांची, ती बॅटरी देते. वेगात मोटर फारसं काही मागतच नाही.

अँपिअर
दिवसा, नवी बॅटरी असताना, एकदाच पार्क केलीत तर बरोबर आहे तुमचं. रात्री हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा आणि गर्दीत मागेपुढे करणं हे सगळं एकत्र आलं की व्होल्टेज पडतं. फार पडलं की कंट्रोलर मदत बंद करतो, तीही नेमकी तुम्ही चाक अर्धं वळवलेलं असताना. डायनामोऐवजी अल्टरनेटर घाला, तो आयडलिंगवरही करंट देतो. जुन्या डायनामोच्या खोळीत बसवलेले मिळतात, बॉनेट उघडूनही ओळखू येत नाहीत. मोटरला बॅटरीपासून जाड स्वतंत्र वायर, स्वतःचा फ्यूज आणि इग्निशनवर चालणारा रिले. मूळच्या कापडी वायरिंगवरून ही लाइन काढणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

लांबचा_प्रवासी
माझ्याकडे बसवलेली आहे (दुसरी ब्रिटिश गाडी, असाच बॉक्स). @मूळपुरुष यांची खबरवाली तक्रार खरी, पण किती खरी ते मदत कमीजास्त करणाऱ्या नॉबवर आहे. ओपेल कोर्सा सी चा कॉलम लोक वापरतात तो त्याचसाठी, की गाडीच्या कॉम्प्युटरकडून वेगाचा सिग्नल नाही आला तरी तो ठरावीक मदत देत राहतो आणि वेगळा कंट्रोल लावला की ती कमीजास्त करता येते. नॉब पूर्ण उघडा ठेवून हायवेला गेलात तर गाडी शिंकेलाही वळते. मी पार्किंगमध्ये उघडतो, बाहेर पडताना जवळजवळ मिटवतो. विसरायला होतं, हा यातला खरा त्रास. जमलं तर वेगानुसार मदत कमी करणारा सेन्सर घ्याच.

आणखी एक: वळणानंतर चाक मध्यावर यायला थोडं आळशी झालंय. मोटरचं घर्षण. कास्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) किंचित वाढवून घेतल्यावर बरंच सुधारलं.

ग्रीसगन
एक मुद्दा कुणी मांडला नाही. कॉलमची मोटर जोर लावते ती बॉक्सच्या अलीकडे. हात थकतो, मोटर थकत नाही. टायर कडेच्या दगडाला टेकलेला असताना हाताने आपण थांबलो असतो. मोटर रेटत राहते आणि तो भार खालचा जॉइंट, बॉक्सचे दाते, आयडलर यांच्यावर जातो. तेव्हा चाक थोडं तरी गडगडत असतानाच वळवायचं.

शाफ्टला वेल्डिंग करू देऊ नका. स्प्लाइनचे (एकमेकांत बसणाऱ्या खाचांचे) जॉइंट, आडव्या बोल्टने आवळलेले, एवढंच. "मी वेल्डिंग मारून देतो, काही होत नाही" म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

मूळपुरुष
मग माझा शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. फ्यूज गेला तर? बंद मोटरही हाताने फिरवावी लागते, म्हणजे स्टिअरिंग मूळच्यापेक्षा जडच होणार. ज्याचा खांदा धड आहे तो ओढून नेईल. चाकधर मोटर बसवणार खांद्यासाठी, आणि मोटर बंद पडली की सगळ्यात जास्त अडचण त्यांचीच.

तिसरा_गिअर
वेगात ती मार्क २ हलकीच असते, त्यांनीच लिहिलंय. अडचण फक्त अगदी हळू चालताना.

मूळपुरुष
चौकात वळताना गाडी हळूच असते हो.

लांबचा_प्रवासी
@चाकधर, वाद इथे मिटायचा नाही. तुम्ही १८५ चे टायर घाला, मग माझी गाडी चालवून बघा, आधी मोटर चालू ठेवून आणि मग फ्यूज काढून. मोकळ्या मैदानात, मी शेजारी बसतो. फ्यूज नसताना खांदा पेलला तर कॉलम मागवा.

चाकधर
चालेल. टायर बदलले की व्यनि करतो. @मूळपुरुष, तुम्हीही या. फ्यूज तुम्हीच काढा.