६५३ शर्यती, विजय शून्य. याला करिअर म्हणायचं का?

गिअरबॉक्स: परवा इथल्याच एका महाशयांनी लिहिलं की नॅसकारमधले, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोटार शर्यतींमधले, जुने स्वतंत्र, स्वतःची गाडी स्वतःच्या पैशांनी पळवणारे ड्रायव्हर म्हणजे नुसती खोगीरभरती, आणि पुरावा काय तर जे. डी. मॅकडफी, ६५३ शर्यती, विजय शून्य. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो तो तोंडात सिगार धरून स्वतःच इंजिन उघडायचा, त्याच गाडीत बसून पळवायचा आणि बक्षिसाच्या पैशांतून पुढच्या रविवारचे टायर घ्यायचा. १९७८ ला डोव्हरला याच माणसानं पोल मारला, म्हणजे पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान, तोही मॅकक्रीरी या छोट्या कंपनीच्या टायरवर! १९९१ ला वॉटकिन्स ग्लेनला गेला तो शर्यतीतच, ५२ व्या वर्षी.

आकडेमोड: महाशय म्हणजे मीच. पोल म्हणजे विजय नव्हे. रिचर्ड पेटीचे २०० विजय आणि याचा भोपळा, एकाच पंगतीत कसे बसवू? माणूस गेला याचं वाईट वाटतं, पण त्यानं आकडा बदलत नाही.

मुक्काम शार्लट: आकडे लिहिणारा कोण असतो तेही बघा की. वेंडेल स्कॉट, डॅनव्हिलचा, कृष्णवर्णीय, शर्यतीत थांबल्यावर टायर-पेट्रोल बघणारा पिट क्रू म्हणजे घरचीच पोरं. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, २०० लॅपची शर्यत, याचे २०२ झाले तरी शेवटचा झेंडा दाखवेनात, विजेता म्हणून जाहीर केला दुसराच ड्रायव्हर, बक बेकर! प्रेक्षक घरी गेल्यावर मान्य केलं की जिंकला स्कॉटच. नॅसकारकडून ट्रॉफी घरच्यांच्या हातात पडली २०२१ ला, तो १९९० लाच गेला होता. घ्या तुमचा आकडा.

आकडेमोड: स्कॉटबद्दल वादच नाही, तो अन्याय होता. पण पदरच्या पैशांनी टायटल, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, कुणी मारलंय का ते सांगा.

गिअरबॉक्स: ॲलन कुलविकी. १९९२. विषय संपला.

आकडेमोड: हूटर्स या रेस्टॉरंटवाल्यांचा स्पॉन्सरशिपचा पैसा घेणारा स्वतंत्र कसला?

गिअरबॉक्स: टीम कुणाची? त्याची. बड्या टीमचा मालक ज्युनियर जॉन्सननं बोलावलं तर नाही म्हणाला! आणि शेवटच्या शर्यतीत, अटलांटाला, त्याच जॉन्सनच्या गाडीतल्या बिल एलियटला टायटलसाठी नडला. शर्यत एलियटची, हा दुसरा, पण आघाडीवरचे लॅप याचे १०३, एलियटचे १०२, म्हणून सर्वाधिक लॅप आघाडीवर राहिल्याचे पाच बोनस पॉइंट याला. टायटल १० पॉइंटनी. तो एक लॅप एलियटकडे गेला असता तर बरोबरी, आणि मग जास्त विजय म्हणून टायटल एलियटचं. लॅप मोजून मोजून पिटमध्ये यायला मेकॅनिकल इंजिनिअरच लागतो.

उसाचा ट्रॅक्टर: स्पॉन्सरवरनं बोलू नका राव. माझा भाऊ कोल्हापुरात ऑटोक्रॉस करायचा, मारुती ८०० सोलून काढलेली, सीटच्या जागी पत्रा. एका दुकानदारानं बॉनेटवर नाव घालायचे पाच हजार कबूल केले, आम्ही पेंटरला आठशे देऊन नाव रंगवलं, शर्यतीच्या सकाळी गडी फोनच उचलेना. भावानं ग्रीस फासून नाव पुसलं आणि दुसऱ्याच्या टाकलेल्या टायरवर पळाला. चौदा गाड्यांत नववा. आई अजून विचारते, मिळालं काय?

आकडेमोड: याचा कुलविकीशी संबंध?

उसाचा ट्रॅक्टर: पैसा घेतला की माणूस विकला जातो म्हणताय ना, आम्हाला कुणी विकत पण घेतलं नाही, म्हणून सांगितलं.

मुक्काम शार्लट: 😂 आकडेमोड, तुम्ही आयुष्यात कधी जॅक तरी लावलाय का?

आकडेमोड: वैयक्तिक जाऊ नका. आणि हो, लावलाय, खंबाटकीत, मध्यरात्री, बायको टॉर्च धरून उभी. असो. एक मात्र आधीच लिहायला हवं होतं, जेम्स हिल्टन. १९७२ ला टॅलाडेगाची शर्यत स्वतःच्या गाडीत जिंकला, वर्षाच्या पॉइंटमध्ये तीनदा दुसरा. हा आमच्या बाजूचा की तुमच्या?

गिअरबॉक्स: आता तुम्हीच आमची नावं काढून द्यायला लागलात की.

आकडेमोड: देतोय. मॅकडफी तरी शून्यच.

उसाचा ट्रॅक्टर: शून्य तर शून्य. ते मॅकक्रीरीचे टायर कितीला पडायचे, कुणाला ठाऊक आहे का?