मदत हवी आहे: एन्डोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर थंड शेक कोणी घेतं का? (नाशिक)

मैत्रिणींनो, एन्डोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) ओटीपोट दुखतं, त्यासाठी गरम पाण्याच्या पिशवीऐवजी बर्फ किंवा जेल पॅक कोणी नियमित लावतं का? फक्त पाळीच्या दिवसांचं नाही, एरवीही जे दुखत राहतं त्याबद्दल विचारतेय.

वय ३४. डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट (याच आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) होती, लॅप्रोस्कोपी झाली, आता रोज डायनोजेस्ट (यावरची हार्मोनची गोळी) २ मिग्रॅ. पाळी जवळपास बंद आहे, तरी डावीकडे जांघेपर्यंत ठणका असतोच. सातपूरला कंपनीत दिवसभर उभ्याचं काम. संध्याकाळी बसने नाशिकरोडला येईपर्यंत प्रत्येक स्पीड ब्रेकर पोटात जाणवतो.

गरम शेकाने मला खूप आराम पडायचा. पण त्यापायी पोटावर तपकिरी जाळी उमटलीय. खाजत नाही, दुखत नाही, घासून जातही नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं: रोजच्या शेकाने असं होतं, त्यासाठी चटका बसावा लागत नाही. शेक थांबवला तर डाग हळूहळू फिके होतील, नाहीतर कायमचे राहू शकतात. म्हणून पिशवी बंद.

फिजिओ (पुण्याच्या आहेत, ऑनलाइन बघतात) म्हणाल्या, थंड लावून बघा. जळजळ किंवा टोचल्यासारखं दुखत असेल तर थंडाव्याने जागा बधिर होते, नसांचं काम मंदावतं. मात्र स्नायू आखडून पेटके येत असतील तर गरमच बरं, थंडाने ते आणखी आवळू शकतात. मूळ आजार यातल्या कशानेच हटत नाही. पॅक पातळ टॉवेलात गुंडाळायचा, १०-१५ मिनिटांत काढायचा, लावून झोपायचं नाही. ऑपरेशनच्या व्रणापाशी स्पर्श नीट कळत नसेल तर तिथे लावायचाच नाही.

जांघेच्या वर, हाडाच्या कडेला ठेवला की आधी नकोसं होतं, मग ठणका बोथट होतो. कमरेला ठेवला की मात्र पाठ धरते.

घरी हे कुणाला पटत नाही. पाळीत दहीसुद्धा चालत नाही, तिथे पोटावर बर्फ! सासूबाई म्हणतात, "रक्त साकळेल गं, वात धरेल." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बाहेरून लावलेला गारवा वरच्या थरांपुरताच असतो, गर्भाशयापर्यंत जात नाही. हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "पोचतच नाही तर लावतेस कशाला?" प्रश्न बिनतोड आहे, उत्तर मलाही हवंय. आत पोचत नसूनही ठणका कमी होतो तो नेमका कशामुळे? कुणाला त्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं असेल तर लिहा.

आणखी विचारायचं म्हणजे, कामावर काय करता? कंपनीच्या फ्रीजमध्ये सगळ्यांच्या डब्यांशेजारी पॅक ठेवायचा संकोच वाटतो, आणि घरून नेलेला दुपारपर्यंत कोमट होतो. आणि डिसेंबर-जानेवारीत? निफाडकडे पारा एक आकडी झाला की इथेही हुडहुडी भरते, तेव्हा पोटावर बर्फ कसा सहन होतो?

'एक मूल झालं की बरं होईल' हा सल्ला कृपया नको. एक झालंय, बरं झालेलं नाही.

नाशिकमध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओ माहीत असतील तर मला निरोपात कळवा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, कुठेही चालेल, फक्त संध्याकाळी सहानंतर बघणाऱ्या हव्यात.