डायबेटिक शूजचं रॉकर बॉटम परत परत डिनाय होतंय, कुणी सांगेल का?

रात्रपाळी_चिपळूण: नमस्कार मंडळी, मी चिपळूणला घरी बसून अमेरिकेतल्या एका पोडियाट्री (पायांच्या आजारांच्या) क्लिनिकचं बिलिंग करते. मेडिकेअरचा (तिथला सरकारी आरोग्य विमा) पेशंट आहे, शार्को फूट (शुगरमुळे नसा बधिर होऊन पायाची हाडं-सांधे बिघडणं), डेप्थ शूज (आत जास्त खोली असलेले बूट) बिलिंग कोड ए५५००, इन्सर्टच्या (बुटात घालायच्या गाद्या) ३ जोड्या ए५५१२ आणि दोन्ही बुटांना रिजिड रॉकर बॉटम (पाऊल पुढे झुलवणारा कडक, गोलसर तळ) ए५५०३, असं टाकलं तर बाकी सगळं पास आणि रॉकर दोनदा परत आलं. केएक्स (अटी पूर्ण आहेत असं सांगणारी खूण) लावलाय, आरटी एलटी (उजवा, डावा) वेगळ्या लाइनवर आहेत. टीम लीड म्हणतो ए५५०७ टाकून बघ. टाकू का?

कोडर_रत्नागिरी: नको ताई, अजिबात नको. ए५५०७ ज्या बदलाला स्वतःचा कोड नाही त्याला, म्हणजे फ्लेअर्ड हील (खाली रुंद केलेली टाच) वगैरे, आणि तिथे काय केलं ते लिहावंही लागतं. रॉकरला कोड आहे ना. घोळ हिशेबात आहे. कॅलेंडर वर्षात डेप्थ शूजचा १ जोड आणि इन्सर्टच्या ३ जोड्या मिळतात, आणि बुटातला बदल त्यावर जास्तीचा मिळत नाही, इन्सर्टच्या बदल्यात मिळतो. तुम्ही ६ च्या ६ इन्सर्ट लावून मोकळ्या झालात, मग रॉकरला जागा कुठे राहिली? दोन बुटांचे २ युनिट धरले की इन्सर्ट ४ च. पण पेशंटच्या हातात खरंच किती दिले ते डिलिव्हरी स्लिपवर बघा, दिलेले असतील तर क्लेममधून काढू नका हं.

देवरुखकर: +१. पेशंटला असे बूट लागतात या सर्टिफिकेटची सही पण बघून घ्या, पोडियाट्रिस्ट (पायांचा डॉक्टर) प्रिस्क्रिप्शन लिहू शकतो पण सर्टिफाय शुगरची ट्रीटमेंट बघणाऱ्या डॉक्टरनेच करायचं असतं.

गुहागरची_मुलगी: बिलातलं मला काही कळत नाही पण रॉकर मात्र सोडू नका. आमच्या बाबांना शुगरमुळे पायाला काही लागलेलं समजतच नाही, मे महिन्यात तापलेल्या चिऱ्याच्या अंगणात अनवाणी गेले आणि रात्री आईने पाय पुसताना बघितलं तर तळव्याला हा एवढा फोड. आता एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घालतात, घरात सुद्धा.

रात्रपाळी_चिपळूण: ताई, वाचून पोटात कालवलं, बाबांना जपा. आणि दादा, स्लिप बघितली, पेशंटची सही २ जोड्यांवरच आहे!! तिसरी अजून क्लिनिकमध्येच पडून आहे आणि आम्ही आधीच बिल केली, ही आमची चूक. लीडला स्लिप दाखवलीये, इन्सर्ट ४ करून करेक्शन टाकतोय आणि त्यानंतर ए५५०३ परत पाठवणार.