लग्नाची फुलं: आईला झेंडू-निशिगंध हवाय, मला पेस्टल. दोन्ही एकत्र जमतं का?

फेब्रुवारीची_नवरी
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात लग्न आहे, मुहूर्त दुपारी 12 च्या सुमारास, कार्यालय आणि मागे छोटं लॉन. प्रश्न फुलांचा आहे. आईचं म्हणणं दाराला झेंडू-आंब्याच्या पानांचं तोरण, केळीचे खांब, निशिगंध-गुलाबाचे हार, केसात मोगरा आणि खऱ्या फुलांच्या मुंडावळ्या, यातलं काहीही सोडायचं नाही. मला स्टेजमागे फिकट पीच, ऑफ व्हाइट आणि भरपूर हिरवा पाला अशी मोकळी मांडणी हवीये, सगळं ठासून भरलेलं नको. आणि आईचं पण मला मनापासून आवडतं हो, निशिगंधाचा वास आल्याशिवाय लग्नघर वाटतच नाही. पण डेकोरेटर म्हणतो एकतर ट्रॅडिशनल पॅकेज घ्या नाहीतर पेस्टल घ्या, एकत्र केलं की खिचडी होते. खरंच होते का? विधींना पिवळी अष्टपुत्री आहे आणि नंतर वांगी रंगाचा शालू. कोणी केलंय का असं?

कोथरूडची_फुलवाली
अगं होतं की, मी लग्नांची फुलांची कामं घेते आणि हल्ली निम्म्या मुलींना हेच हवं असतं. खिचडी फुलांमुळे होत नाही, रंगांमुळे होते. तुझे काही रंग आधीच ठरलेले आहेत ना, पिवळी साडी, हिरवा चुडा, कपाळावर कुंकू, पांढऱ्या मुंडावळ्या, हे काही बदलणार नाहीये, मग मागची फुलं यांच्याशी जुळवायची. फिकट निळसर गुलाबी किंवा लॅव्हेंडर घेतलंस तर पिवळ्या साडीशी भांडेल आणि फोटोत दोन वेगळी लग्नं चालू आहेत असं दिसेल. क्रीम, पीच आणि हिरवा घेतलास तर अष्टपुत्री त्यात छान उठून दिसेल आणि शालूलाही हे रंग चालतात.

दुसरं म्हणजे फूल जुनं ठेव आणि मांडणी नवी कर. निशिगंधाच्या सरी स्टेजमागे उभ्या सोडायच्या, मधे मोकळी जागा ठेवून, नुसत्या पांढऱ्या. खाली एका बाजूला पाला, पीच कार्नेशन, पांढरी शेवंती. बास. आईला वास मिळतो आणि तुला मोकळेपणा. झेंडू फक्त दाराशी ठेव, आणि केशरी-पिवळा असा मिसळून न घेता एकच लिंबोणी पिवळा घे, तो पेस्टलच्या जवळ जातो.

आता महत्त्वाचं, तुझी तारीख. व्हॅलेंटाईनच्या आधीच्या आठवड्यात डच गुलाबाचे भाव चढतात, तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला चांगला माल एक्स्पोर्टला आणि मोठ्या शहरांना जातो. त्यामुळे सगळी स्टेज गुलाबावर उभी करू नकोस, गुलाब हारापुरता ठेव आणि बाकी कार्नेशन, ते टिकतंही जास्त. डेकोरेटर हायड्रेंजिया सुचवेल, दिसतं सुंदर पण पाण्याबाहेर दुपारच्या उकाड्यात मान टाकतं, लॉनवर तर नकोच. लिली घेतलीस तर आतले परागकोश आधी काढायला सांग, त्या केशरी पुडीचा डाग साडीवरून जात नाही. आणि तो हिरवा स्पंज वापरतात ना फुलं खोचायला, तो प्लास्टिकच असतो, चुरा होऊन पाण्यात मातीत जातो, त्याऐवजी बारीक जाळी आणि पाण्याची भांडी वापरा म्हणून सांग. चांगल्या माणसाला जमतं ते.

वसईचा_बागायतदार
मोगऱ्याबद्दल लिहितो. मोगऱ्याचा खरा हंगाम उन्हाळा, मार्चपासून पावसापर्यंत. तुमच्या तारखेला आपल्याकडचा माल कमी, दक्षिणेकडून येतो तो महाग. थंडीत बाजारात पांढरा गजरा दिसतो तो बऱ्याचदा कागडा असतो, कळी लांबट, दिसायला छान, पण वास जवळजवळ नाहीच, लोक मोगरा समजून घेतात आणि मग फसवलं म्हणतात. फसवणूक नाही, वेगळं फूल आहे ते. माझं मत, गजऱ्याला बिनधास्त कागडा वापरा आणि वासासाठी मधे मरव्याच्या काड्या ओवून घ्या, शिवाय जवळ एक छोटा मोगऱ्याचा सर ठेवा, तेवढ्याला पैसे द्यायला हरकत नाही. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, तेव्हा 12 च्या मुहूर्ताला सकाळच्या ताज्या कळ्या घातल्या तर दुपारपर्यंत घट्ट पांढऱ्या राहतात, फोटोला तेच बरं. ओल्या सुती कपड्यात गुंडाळून गार जागी ठेवा, पाण्यात बुडवून ठेवू नका, पाकळी तपकिरी पडते. एसी हॉलमध्ये थेट झोताखाली बसलात तर कुठलाच गजरा टिकणार नाही.

फोंड्याची_माहेरवाशीण
अबोली कोणीच सुचवली नाही याचं आश्चर्य वाटलं! ताई तुम्हाला पीच हवाय ना, मग अबोली घ्या की, तो रंग आपल्या घरचाच आहे. आमच्याकडे गोव्यात नवरीच्या केसात अबोली हवीच, म्हापशाच्या बाजारात बायका केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या धाग्याने बांधलेल्या फाती (गजरे) घेऊन बसलेल्या असतात. वास नसतो पण मोगऱ्यासारखी लगेच कोमेजत नाही, आदल्या दिवशी आणून ठेवली तरी चालते. अंबाड्याभोवती एक वळसा कागड्याचा आणि एक अबोलीचा, आणि स्टेजवरचं कार्नेशन अबोलीची फुलं हातात धरून त्याच छटेचं निवडायचं. म्हणजे पेस्टल बाहेरून आणून चिकटवलंय असं वाटणारच नाही, ते नवरीच्या केसांतूनच सुरू झालेलं दिसेल. लग्नाच्या आदल्या दिवशी कोणी गोव्याहून येणार असेल तर त्यांना आणायला सांगा, सोपात बांधलेली चांगली राहते प्रवासात.

मंडईजवळची_काकू
वरच्या फुलवाल्या ताईंचं बाकी सगळं पटलं पण दाराचा झेंडू लिंबोणी करू नका गं. दारात केशरीच हवा. येणारा माणूस रस्त्यावरून बघतो, केशरी झेंडू आणि आंब्याची हिरवी पानं लांबूनच सांगतात की इथे कार्य आहे. स्टेज दारातून दिसतही नाही बहुतेक कार्यालयांत, मग तिथे रंग जुळवायचा हट्ट कशाला? आत काय करायचं ते तुझ्या मनासारखं कर, मुलींची पण हौस असते आणि ती व्हायलाच हवी. अजून एक, हार नुसत्या गुलाबपाकळ्यांचे जाड करतात ना आजकाल, ते फार जड होतात, सप्तपदीला वाकताना मान अवघडते आणि पिवळ्या साडीवर ओल्या पाकळ्यांचा रंग लागतो. निशिगंधाचा मध्यम जाडीचा हार आणि खाली गुलाबाचा एक गोंडा, हा आईचा हार आहे तोच घे, त्यात काही मॉडर्न करायची गरज नाही.

एडिसन_एनजे
आमच्याकडे न्यू जर्सीत फेब्रुवारीत बर्फ, निशिगंध मिळवणं अवघड. इथे ओळखीत पांढऱ्या डेंड्रोबियम ऑर्किडचे हार करतात, ते फूल पाण्याबाहेर तासन्‌तास ताजं राहतं. तुमच्याकडे खरा निशिगंध आहे तर तोच घ्या, पण लॉनवरच्या रिसेप्शनसाठी ऑर्किडच्या सरी विचारून बघा, उन्हात जास्त टिकतील.

फेब्रुवारीची_नवरी
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आईला सगळं वाचून दाखवलं. अबोली ऐकून ती इतकी खुश झाली, आजी घालायची म्हणे. ठरलं ते असं, दाराला केशरी झेंडू आणि केळीचे खांब (काकू तुमचं ऐकलं), हार आईचे, केसात कागडा-मरवा-अबोली, स्टेजमागे निशिगंधाच्या सरी आणि अबोलीच्या छटेचं कार्नेशन. डेकोरेटरला फोटोसकट पाठवलं, तो म्हणाला पॅकेजमध्ये बसत नाही पण फुलं सुटी मोजून दर देतो. एकच राहिलं, खऱ्या फुलांच्या मुंडावळ्या विधी संपेपर्यंत टिकतात का?

कोथरूडची_फुलवाली
टिकतात, पण होमाच्या धगीने कडेच्या कळ्या मलूल होतात. दोघांसाठी एकेक जादा जोड करून घे, बारीक निशिगंधाच्या कळ्यांचा, ओल्या कपड्यात करवलीकडे दे आणि मंगलाष्टकं झाल्यावर होमाला बसायच्या आधी बदला. दोरा मऊ सुती सांग, नायलॉन कपाळाला काचतो. आणि सुट्या फुलांचा दर लेखी घे, गुलाबाचा वेगळा, कारण त्या आठवड्यात तोच हलणार.