जॉय अ‍ॅडमसनच्या चित्रवाटेने पुन्हा जायचं, तर कुणासाठी?

रेघोट्या:
जॉय अ‍ॅडमसन म्हटलं की आपल्याकडे तिने वाढवलेली एल्सा सिंहीणच आठवते. पण १९५६ साली एल्सा बछडा असताना घरी येण्याआधी ही बाई कित्येक वर्षं केनियाभर माणसं रंगवत फिरत होती. जन्म १९१० चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओपावा गावचा. १९३७ मध्ये ती केनियात आली, आधी वनस्पतींची चित्रं काढली आणि त्यासाठी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीचं सुवर्णपदकही मिळवलं. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस वसाहतीच्या सरकारने तिला काम दिलं: जमातींचे जुने वेश, दागिने, विधींचा साज नाहीसा व्हायच्या आत त्यांची व्यक्तिचित्रं करून द्या. किकुयू, मेरू, तुर्काना, सांबुरू, बोरान, किनाऱ्यावरचे मिजिकेंदा... पाचशेहून जास्त चित्रं झाली. त्यांचा मोठा साठा नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

माझ्या दोन चित्रकार मैत्रिणींच्या डोक्यात आता तिच्या वाटेने जायचं आहे. उत्तर केनियातलं इसिओलो, मार्साबित, तुर्काना सरोवर. जिथे तिने चित्रं काढली तिथे बसून आपणही चित्रं काढायची. माझं मत त्यांना सांगितलं, इथेही मांडते. जरूर जा, पण कोरे कागद घेऊन जाऊ नका. तिच्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती घेऊन जा आणि तेव्हा तिच्यासमोर बसलेल्या माणसांच्या मुला-नातवंडांना शोधा. तेव्हा विशीत असलेला माणूस आज हयात असलाच तर नव्वदीच्या घरात असेल. त्याची मुलं साठ-सत्तरीची आहेत. हा आपला बाप, ही आपली आत्या, असं ओळखू शकणारी ही शेवटची पिढी आहे. बाईंच्या पायवाटेचं मला अप्रूप नाही. त्या चेहऱ्यांना त्यांची नावं मिळावीत, एवढ्यासाठी हा प्रवास व्हायला हवा.

कातळवाट:
मुळातच असहमत. "नाहीसं व्हायच्या आत" हे वाक्य आपण इतक्या सहज कसं लिहितो? ते आपोआप नाहीसं होत नव्हतं. डोंगराळ भागातल्या सुपीक जमिनी गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवल्या, झोपडीवरचा कर भरायला तरुणांना मजुरीला लावलं, मिशनच्या शाळेत अंगावरचा जुना साज उतरवायला लावला. आणि गळ्याचंच बोलायचं तर १९२० पासून १९४० च्या दशकापर्यंत आफ्रिकी पुरुषाला नोंदणीचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडावं लागे. किपांडे म्हणत त्याला. ज्या सरकारने ही डबी त्या गळ्यात अडकवली, त्याच सरकारने त्याच गळ्यातल्या जुन्या माळा रंगवून घ्यायला पगारी चित्रकार नेमली.

आणि काळ बघा. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्धचा माउ माउ उठाव मोडण्यासाठी आणीबाणी पुकारली गेली. दहा लाखांहून जास्त किकुयू लोकांना पहाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये हलवलं. छावण्यांमधल्या छळाबद्दल २०१३ मध्ये ब्रिटनने ५,२२८ जणांना भरपाई मान्य केली. एका हाताने किकुयू माणूस तारेच्या कुंपणात घालायचा, दुसऱ्या हाताने त्याचा वेश कागदावर जपायचा. अशा कामाच्या वाटेने पुन्हा जाऊन आपण काय साजरं करणार आहोत?

आपल्याकडेही हे झालंय. १८५७ नंतर 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले, १८६८ ते १८७५. त्यात माणसांचे फोटो आहेत, पण माणूस म्हणून नव्हे. जातीचा, जमातीचा नमुना म्हणून. आपल्या पणजोबांचा असा फोटो असता तर तो काढणाऱ्याच्या वाटेने कुणी कौतुकाने फिरलेलं आपल्याला चाललं असतं का?

मंजिरी ठाणे:
कातळवाट, इतिहास तुम्ही बरोबर सांगितलात, पण सरकारचा हिशेब चित्रकाराच्या नावावर मांडू नका. चित्रं नीट बघा. तुर्काना पुरुषांची घ्या. मातीत लिंपून घट्ट बसवलेला केसांचा टोप, त्यावर रंग, शहामृगाची पिसं खोचायला त्यातच केलेली जागा. तो टोप मोडू नये म्हणून ही माणसं झोपताना डोक्याखाली छोटा लाकडी टेकू घेतात, दिवसा तोच बसायला होतो. हे रंगवायला बसलं की मातीला कुठे भेग पडलीय, मणी किती घासलाय, कानाची पाळी ओझ्याने किती ओघळलीय हे सगळं दिसावं लागतं. मी स्वतः व्यक्तिचित्रं करते. समोरच्याबद्दल आदर नसेल तर तासन्‌तास त्याच्या कानाच्या पाळीकडे बघता येत नाही. नमुना गोळा करणाऱ्याची नजर इतकी थांबत नाही.

त्या काळात तिथे काढलेले फोटो बहुतेक काळे-पांढरे. गेरू आणि चरबी चोपडलेल्या सांबुरू तरुणाच्या खांद्याचा तो तांबडा रंग या चित्रांमुळे आज कळतो. वेश कुणी मोडले हा प्रश्न आहेच, पण त्यामुळे ते टिपून ठेवणं गुन्हा होत नाही.

कातळवाट:
मंजिरीताई, आदर होता की नव्हता हे चित्रावरून मी सांगू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही नाही. मला ते ज्याचं चित्र आहे त्याच्या तोंडून ऐकायचंय. सरकारी कामावर आलेल्या बाईसमोर बसायला नाही म्हणायची मुभा किती जणांना होती? उत्तरेचा तो सगळा मुलूख परवान्याशिवाय बाहेरच्यांना बंद होता. हिचा नवरा तिथला वन्यजीव अधिकारी, म्हणून हिला वाट मोकळी होती.

नैरोबीकर:
बरीच वर्षं इथे आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली म्हणजे, ही चित्रं केनियात राहिली. याचं मोल इथे राहिल्यावर कळतं. केनियाच्या तीस हजारांहून जास्त वस्तू परदेशी संग्रहालयांत आहेत. मिजिकेंदा लोक पूर्वजांसाठी लाकडी खांब उभारतात, विगांगो म्हणतात त्यांना. ते चोरून अमेरिकेत विकले गेले, काही संग्रहालयांनी आता कुठे परत पाठवलेत. आईबापांच्या आत्म्याची जागा परक्याच्या दिवाणखान्यात. त्या तुलनेत जॉयची चित्रं इथल्या शाळकरी पोरांना सहलीत बघता येतात. कातळवाटदादांनी सांगितलेला अन्याय मान्य, पण 'पीपल ऑफ इंडिया' आणि हे एकाच मापाने मोजू नका.

दुसरी गोष्ट मंजिरीताईंसाठी. "जुना वेश" असा थांबलेला कधीच नव्हता. सांबुरू आणि मसाई बायकांच्या गळ्यातले ते रंगीत काचमणी शेकडो कोसांवरून, व्हेनिस आणि बोहेमियातून व्यापारात आले. बोहेमिया म्हणजे जॉयच्या जन्मगावापासून फार लांब नाही. या बायकांनी परदेशी मणी घेऊन त्यातून आपला हिशेब उभा केला: कोण कुमारी, कोण विवाहित, कुणाचा मुलगा मोरान, म्हणजे तरुण योद्धा, झाला. आजही त्या माळा घालतात, मणी बदलतात, नवे रंग आणतात आणि त्याच हातातल्या मोबाइलवरून शेळीचे पैसे चुकते करतात. सरकारला जे मरणपंथाला लागलेलं वाटलं त्यातलं बरंच जिवंत आहे. प्रवास करणाऱ्यांनी हे डोळ्यांत भरून घेतलं नाही तर तेही सत्तर वर्षांपूर्वीचीच चित्रं काढून परततील.

शाईपेन:
सगळे जॉयबद्दल बोलताय, म्हणून एक नाव टाकते. रोझमेरी करुगा. जन्म १९२८, केनियातल्या मेरूचा. १९५० ते ५२ या काळात ती युगांडातल्या मकेरेरेला कला शिकत होती, तिथल्या कलाशाळेतली पहिली विद्यार्थिनी. म्हणजे जॉय मेरूची माणसं रंगवत होती त्याच सुमाराला मेरूत जन्मलेली मुलगी स्वतः चित्रकार होत होती. पुढे काय झालं? शाळेत शिकवण्यात दशकं गेली. १९८० च्या दशकात ती पुन्हा चित्रांकडे वळली तेव्हा रंगांना पैसे नव्हते. साबणाची वेष्टनं, पिठाच्या पिशव्यांचे कागद फाडून तिने कोलाज केली. कोंबड्या, शेतात वाकलेल्या बायका, गप्पा मारणाऱ्या शेजारणी. जवळून बघितलं तर कोंबडीच्या पिसात छापील अक्षरं दिसतात.

पायवाट पाडणाऱ्या स्त्री चित्रकाराच्याच मागे जायचं असेल, तर हिच्या मागे का नाही? एकीला सरकारने पैसे दिले, गाडीघोडा दिला, भिंती दिल्या. दुसरीला साबणाचा कागद. रेघोट्या, तुमच्या मैत्रिणींना हे नाव माहीत होतं का?

रेघोट्या:
शाईपेन, करुगावर स्वतंत्र धागा काढ, मी पहिली येईन. पण "हिच्याऐवजी तिच्या" हे मला पटत नाही. करुगाच्या कामाला कुणाच्या ओळखीची गरज नाही, ते तिचं आहे आणि तिच्या नावावर आहे. जॉयच्या चित्रांत मात्र एक काम अर्धवट पडलंय. कुणाची तरी आजी तिथे भिंतीवर "मेरू स्त्री" होऊन बसली असेल तर तिला तसंच सोडून दुसऱ्या चांगल्या प्रवासाला निघणं मला जमणार नाही.

कातळवाट, बसायला नाही म्हणता आलं असतं का, हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण त्याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडेच नाही. ते त्या घरांमध्ये आहे. "आईला तासभर उन्हात बसवलं, बदल्यात मीठ दिलं" असं कुणी सांगेल, किंवा "बाबा त्या चित्राची गोष्ट शेवटपर्यंत कौतुकाने सांगायचे" असं कुणी सांगेल. दोन्ही नोंदवायचं. तुम्ही म्हणता म्हणून कुणी गेलंच नाही, तर चित्राखालच्या पाटीवर सरकारने लिहिलेलंच राहील.

कातळवाट:
नोंद कोण करणार? पुण्या-ठाण्याच्या चित्रकार? म्हणजे पुन्हा बाहेरचीच बाई वही उघडून बसणार.

नैरोबीकर:
इथे दादांचं बरोबर आहे. प्रती काढायला संग्रहालयाची परवानगी लागेल, ती मागताना तिथल्याच माणसांना सोबत घ्या. तुर्काना, रेंदिले, बोरान या भाषा बोलणारी, त्या गावांतून शिकायला नैरोबीत आलेली तरुण मुलं भरपूर आहेत. प्रश्न त्यांनी विचारावेत, रेकॉर्डिंग त्यांच्याकडे राहावं, पैसे त्यांना मिळावेत. तुमच्या मैत्रिणींनी गाडीचा खर्च उचलावा आणि मागच्या सीटवर बसावं. इसिओलोपासून इथिओपियाच्या सीमेवरच्या मोयालेपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. सरोवराकडे वळलात की हाल आहेत.

मंजिरी ठाणे:
आणि घरच्यांनी सांगितलं, आमच्या आजीचं चित्र भिंतीवरून उतरवा, तर?

कातळवाट:
तर उतरवायचं. ही अट आधी लेखी मान्य असेल तर माझा विरोध मागे.

मंजिरी ठाणे:
मला ती मान्य नाही. प्रत घरी द्या, पाटी बदला, कशी बसवली गेली ती हकिगत शेजारी लावा. पण मूळ चित्र झाकू नका. ते त्या आजीचं जितकं, तितकंच आता तिच्या गावच्या पुढच्या पोरींचं आहे.

रेघोट्या:
मी या बाबतीत कातळवाटांच्या बाजूने. चित्र संग्रहालयाचं आहे, चेहरा त्या घरचा आहे. मैत्रिणींना अट कळवते. त्यांना ती मान्य नसेल तर त्यांनी सफारी करावी, जॉयचं नाव घेऊ नये.