ल माँच्या शर्यतीत चालक धावत गाडीकडे का जायचे?

वसुधा_सांगली
मंडळी, माझी लेक नववीत आहे आणि तिला गाड्यांचं भारी वेड. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत निवडली आहे. तिच्याकडच्या एका जुन्या फोटोत गाड्या एका कडेला तिरक्या उभ्या आहेत आणि चालक रस्ता ओलांडून त्यांच्याकडे पळत सुटलेत. शर्यत गाड्यांची, मग माणसं का पळतायत? आजही असंच असतं का? आणि नेमके चोवीसच तास का? जाणकारांनी सांगावं.

टिकाऊ_चाकण
वसुधाताई, लेकीने फोटो अगदी मोक्याचा निवडलाय. मी चाकणला गाड्यांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांवर काम करतो, त्यामुळे ही शर्यत माझ्या फार जिव्हाळ्याची.

आधी चोवीस तासांचं. पहिली शर्यत २६ आणि २७ मे १९२३ ला झाली. सर्वात वेगवान गाडी कोणती, एवढंच बघायचं नव्हतं. रोजच्या वापराची गाडी रात्रंदिवस पळून टिकते का, दिवे अंधारात साथ देतात का, हे लोकांसमोर सिद्ध करायचं होतं. वाटेतले रस्ते कच्चे, दगड उडायचे. बेंटलीच्या डफ आणि क्लेमंट या जोडीची गोष्ट तिला जरूर सांगा. दगड लागून त्यांची पेट्रोलची टाकी फुटली आणि गाडी लांबवर बंद पडली. डफ पळत पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्ती करायच्या जागी, आला, मग क्लेमंट मागून घेतलेल्या सायकलवर पेट्रोल घेऊन गाडीपर्यंत गेला, भोक बुजवलं आणि गाडी परत आणली. तरीही ते चौथे आले, आणि पुढच्याच वर्षी, १९२४ ला, तीच जोडी जिंकली. मला या शर्यतीचा खरा स्वभाव त्या सायकलवरच दिसतो.

आता पळण्याचं. १९२५ पासून ही पद्धत आली. झेंडा पडला की चालकांनी धावत जायचं, आत बसायचं, इंजिन चालू करायचं आणि निघायचं. स्टर्लिंग मॉस या पळापळीत फार चपळ म्हणून प्रसिद्ध होता. पोर्शच्या गाड्यांत किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे असते, तीही याच सुरुवातीमुळे असं सांगतात: डाव्या हाताने किल्ली फिरवायची, उजव्याने गिअर टाकायचा.

दिसायला सुंदर, पण सीटबेल्ट आले आणि हीच पद्धत जीवघेणी ठरली. पट्टा नीट बांधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बाकीचे पुढे जातात. मग बरेच जण पट्टा न बांधताच निघायचे आणि सरळ रस्त्यावर, चालत्या गाडीत तो बांधायला बघायचे. १९६८ ला विली मेरेसचं दार घाईत नीट लागलं नाही, ते वेगात उघडलं आणि त्या अपघाताने त्याची कारकीर्द संपली.

१९६९ ला बेल्जियमचा जॅकी इक्स, वय अवघं चोवीस. झेंडा पडला, सगळे धावले आणि हा शांतपणे चालत गेला. बसला, पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फची पोर्श ९१७ धडकली, तो गाडीबाहेर फेकला गेला आणि त्यातच त्याचा जीव गेला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता असं मानलं जातं.

मध्यरात्र_मेकॅनिक
आणि इक्सचं पुढे काय झालं तेही लिहा की!

टिकाऊ_चाकण
लिहितोच. इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांची फोर्ड जीटी४० जिंकली. शेवटी शेवटी हान्स हेरमानच्या पोर्शशी एकमेकांना मागे टाकणं चालू होतं, आणि चोवीस तासांनंतर अंतर उरलं जेमतेम १२० मीटरचं! सगळ्यांच्या मागून निघालेला माणूस पहिला आला. १९७० ला चालक पट्टे बांधून गाडीतच बसलेले होते आणि १९७१ पासून गाड्या रांगेने चालत येऊन शर्यत सुरू होते. धाडस मोजायचं तर मी त्या चालत जाण्याला पहिला मान देतो. तरण्या वयात, हजारो लोकांसमोर, एकट्याने तसं वागायला जिगर लागते. इक्स पुढे एकूण सहा वेळा जिंकला.

मध्यरात्र_मेकॅनिक
ताई, भारताचं नाव हवं असेल तर करुण चंढोक. २०१२ ला ही शर्यत धावणारा तो पहिला भारतीय, आणि त्याची गाडी एकूण सहावी आली.

सुमेधा_नांत
मी शिकायला फ्रान्समध्ये नांतला होते तेव्हा मैत्रिणींबरोबर गेले होते. प्रकल्पात हे जरूर घ्या: १३ किलोमीटरहून लांब असलेल्या त्या फेरीचा मोठा भाग म्हणजे एरवीचा सार्वजनिक रस्ता. गाड्यांची तपासणीही शहरातल्या चौकात होते, लोक कडेला उभे राहून बघतात. आदल्या दिवशी, शुक्रवारी, चालकांची मिरवणूक निघते. रात्री आम्ही आर्नाजच्या वळणाशी बसलो होतो. तिथे गाड्या फार हळू होतात, त्यामुळे ब्रेकच्या तापलेल्या लाल चकत्या जवळून दिसतात.

वसुधा_सांगली
सर्वांचे मनापासून आभार. लेकीने इक्सवर वेगळं पान करायचं ठरवलंय. घरून थेट बघायची तर कधी बसावं?

टिकाऊ_चाकण
जूनच्या मध्यावर शनिवारी. तिथे दुपारी ४ ला सुरू झाली तर आपल्याकडे संध्याकाळचे ७.३०. सगळी रात्र जागवू नका. रविवारी सकाळी साडेनऊला लावा, तेव्हा तिथे उजाडत असतं. रात्रभरात कोणत्या गाड्या गळाल्या आणि कोणत्या टिकल्या, ते तेव्हा कळतं.