मॅपिंग शिळं होऊ नये म्हणून लॉक धरायचा की नंबर जुळवायचा?

राजवाडा_रूट:
काल विजयनगरच्या ऑफिसात ह्यावरून जेवण थंड झालं. लिनक्समधे बफर्ड राइट करताना, म्हणजे डेटा आधी मेमरीतल्या कॅशमधे लिहिताना, आयोमॅप (कर्नलमधला फाइल सिस्टिमसाठीचा सामायिक कोड) आधी एक्सएफएस ह्या फाइल सिस्टिमला विचारतो की फाइलमधल्या ह्या ऑफसेटला काय आहे, होल (जागाच दिलेली नाही), अनरिटन (जागा दिली पण लिहिलं नाही) की लिहिलेले ब्लॉक, आणि ते उत्तर, म्हणजेच मॅपिंग, हातात घेऊन एकेक फोलिओ (कॅशमधली पानं) लॉक करत डेटा भरत जातो. मधेच उत्तर बदललं तर? 2022 च्या शेवटी एक्सएफएसवाल्या डेव्ह चिनरने इलाज आणला, एक्स्टेंट (फाइलचे डिस्कवरचे सलग तुकडे) बदलले की सीक्वेन्स नंबर वाढतो, फोलिओ लॉक केल्यावर तो जुळवायचा, नाही जुळला तर मॅपिंग फेकून परत विचारायचं. मला तर ही मलमपट्टी वाटते. राइट संपेपर्यंत लॉक धरून बसा ना सरळ!

सराफा_रात्री:
भिया, कोणता लॉक? आयनोडचा, म्हणजे अख्ख्या फाइलचा, मोठा लॉक राइट करणारा धरतोच, राइटबॅक (कॅशमधला डेटा मागून डिस्कवर टाकणारं काम) तो घेतच नाही, सगळा घोळ तिथे. 4 केबीच्या पानात 100 बाइट लिहायचेत, मॅपिंग म्हणतं अनरिटन. तेवढ्यात राइटबॅकने तिथलंच आधीचं डर्टी (डिस्कवर न गेलेलं) पान डिस्कवर टाकलं, एक्स्टेंट रिटन झाला, मेमरीची ओढ म्हणून पान कॅशमधून गेलं. आता नवा फोलिओ आला की राइटवाला म्हणणार अनरिटनच आहे, वाचायचं कशाला, शून्य भर. बाकीचे 3996 बाइट गेले, एरर नाही की लॉगमधे ओळ नाही. आपल्या इंदूरच्या सराफ्यासारखं, संध्याकाळी बघितलेल्या सोनाराच्या ओट्यावर रात्री दहाला भुट्ट्याचा कीस मिळतो, पत्ता तोच!

राजवाडा_रूट:
अरे मग एक्स्टेंटवाला आतला लॉक धरा, आयलॉक.

सराफा_रात्री:
राइटबॅक आधी फोलिओ लॉक करतं, मग आयलॉक घेतं. तू आयलॉक धरून फोलिओची वाट बघणार, ते फोलिओ धरून आयलॉकची. बसा दोघं, झाला डेडलॉक. शिवाय यूझरचा बफर त्याच फाइलच्या एममॅपमधला (मेमरीत जोडलेल्या फाइलमधला) असला तर पेजफॉल्टमधे, म्हणजे नसलेलं पान आणताना, परत तोच आयलॉक लागू शकतो.

बडोदेकर_बाइट्स:
डेडलॉकचं पटलं, पण नंबरचं गुणगान जरा जास्तच चाललंय. तो नंबर अख्ख्या फोर्कचा, म्हणजे फाइलच्या एक्स्टेंटच्या पूर्ण यादीचा असतो, रेंजचा, म्हणजे लिहायच्या तेवढ्या तुकड्याचा नाही. मोठ्या फाइलच्या पार दुसऱ्या टोकाला एक एक्स्टेंट बदलला की माझं बरोबर असलेलं मॅपिंगही रद्द, आणि डेटाबेसच्या फाइलवर राइटबॅक दिवसभर चालूच असतं हो.

सराफा_रात्री:
असू द्या की. बहुतेक वेळा मेमरीतल्या एक्स्टेंटच्या झाडातच तर परत शोधायचंय, झालेलं काम टाकायचं नाही, पुढच्या फोलिओपासून चालू. राइटबॅकमधेही एक्सएफएस असेच नंबर जुळवतं, डेटा फोर्कचा आणि कॉऊ (कॉपी-ऑन-राइट, जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिणं) फोर्कचा वेगवेगळा.

राजवाडा_रूट:
तरी माझं मत तेच. फोर्कचा नंबर म्हणजे आळस, रेंज लॉक करा.

सराफा_रात्री:
कर. पण राइटबॅक तो रेंज लॉक फोलिओ धरून घेणार आणि राइट फोलिओच्या आधी, म्हणजे क्रम परत उलटाच. तो कसा सोडवणार ते लिही आधी, मग बोलू.